रतनपूरच्या टेकडीवरची रात्र

वाचकहो, या पानांतून मी आपल्याशी बहुधा रक्तदाबाविषयी, मधुमेहाविषयी, गुडघ्यांविषयी बोलत असतो. आज एका प्रवासाविषयी लिहावयाचे आहे. प्रवास फार लांबचा नव्हता. नंदुरबार जिल्ह्यातील ज्या गावी मी गेली सत्तावीस वर्षे दवाखाना चालवितो, तेथून गुजरातेतील भरुच जिल्ह्यातल्या रतनपूरला मोटारीने अर्ध्या दिवसात पोहोचता येते. तळोदा, अक्कलकुवा, डेडियापाडा, नेत्रंग अशी सातपुड्याच्या पायथ्याने जाणारी ती वाट आहे. तरीही तेथे जावयास मला वीस वर्षे लागली, आणि त्यात दोष माझाच होता.

रतनपूर हे झगडिया तालुक्यातील लहानसे गाव. गावाजवळच्या टेकडीवर बावा गोर या संतांचा दर्गा आहे. जवळच त्यांचे बंधू बावा हबश आणि भगिनी माई मिसरा यांची स्थाने आहेत. ही तिन्ही भावंडे आफ्रिकेतील हबशाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने, येथे आली अशी परंपरा आहे. गुजरातेतील सिद्दी समाज त्यांना आपले पूर्वज व आश्रयदाते मानतो. या टेकडीवर दरवर्षी उरुस भरतो. सौराष्ट्रातून, भरुच-सुरतेकडून, मुंबईहून सिद्दी कुटुंबे येतात. त्यांच्याबरोबर भिल्ल येतात, गुजराती हिंदू येतात, मुसलमान येतात. पारशी मंडळींचीही बावा गोरांवर जुनी श्रद्धा आहे. आणि या सगळ्यांच्या मध्ये रात्रभर जे ढोल वाजतात, ते आफ्रिकेचे असतात.

सिद्दी हा शब्द आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. मुरुडसमोरचा जंजिरा शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचलेला आहे. ते सिद्दींचे संस्थान १९४८ साली भारतात विलीन होईपर्यंत टिकून होते. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हाही आफ्रिकेत, इथिओपियात, जन्मलेला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे दख्खनमध्ये मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवीत राहिला. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसविले, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याने बांधविलेली पाण्याची नहर आजही तेथे दाखवितात. १६२६ साली तो वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे.

परंतु मलिक अंबरासारखे नाव ज्यांच्या वाट्याला आले नाही, अशी माणसे कितीतरी अधिक होती. मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांतून शेकडो वर्षे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची माणसे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिली. काही व्यापारी, काही खलाशी, काही शिपाई आणि पुष्कळसे गुलाम. त्यांची मुलेनातवंडे येथेच रुजली. कर्नाटकातील हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात राहिली, ती हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांत विभागली गेली. गुजरातेत राहिली, ती गुजराती बोलू लागली. आजीची भाषा गेली, गावाचे नाव गेले. राहिला तो ठेका. तो ठेका ऐकावयास मी कसा गेलो, ते आता सांगतो.

माझ्या दवाखान्यात एक बाई पुष्कळ वर्षांपासून येतात. त्यांचे नाव सांगत नाही; मी त्यांना मावशी म्हणतो. आज त्यांचे वय एकाहत्तर आहे. त्यांचा मुलगा बावीस वर्षांचा असताना त्याला स्किझोफ्रेनिया हा आजार झाला. कानात आवाज येत, कोणीतरी मारावयास टपले आहे असे वाटे, रात्ररात्र झोप नसे. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध ठरवून दिले आणि ते चालू ठेवण्याचे, देखरेखीचे काम माझ्याकडे आले. मुलगा हळूहळू सावरू लागला. अशात एके दिवशी मावशी सहज बोलून गेल्या, “डॉक्टरसाहेब, येत्या उरुसाला पोराला बावा गोरला नेऊन आणते.”

मी तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर होतो. शास्त्राचा अभिमान होता. तो आजही आहे. परंतु तेव्हा त्या अभिमानाला ऐकून घेण्याची सवय नव्हती. मी रागावलो. म्हणालो, “मावशी, एक काय ते ठरवा. माझं औषध, नाहीतर तुमचा बाबा. दोन्ही एकत्र चालायचं नाही.”

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझे वाक्य जसेच्या तसे खरे मानले. दोन्ही चालत नाही, असे डॉक्टरच म्हणाले. मग उरुसाला जायचे तर गोळ्या बंद केल्या पाहिजेत. त्यांनी त्या बंद केल्या. परत आल्यावर मला तोंड दाखविण्याची लाज वाटली म्हणून पुन्हा सुरूही केल्या नाहीत. पाचव्या आठवड्यात मुलगा रात्री घरातून निघून गेला. नऊ दिवसांनी उधना स्थानकाच्या फलाटावर सापडला. पायाला जखम होती, अंगात ताप होता आणि आईची ओळख पटावयास त्याला दोन दिवस लागले.

त्या दिवसापासून मावशी घराच्या दाराला आडवी पथारी टाकून निजतात. मुलगा उठला तर पाय लागून आपल्याला जाग यावी म्हणून. नवरा पूर्वीच वारलेला, मुलगी सासरी सुरतेस. वीस वर्षे रोज रात्री त्या दारात निजल्या. मला हे ठाऊक नव्हते. मी दर महिन्याला मुलाला विचारीत असे, “झोप येते ना?” आईला हा प्रश्न मी कधीही विचारला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात त्या माझ्या कंपाउंडरला हळूच विचारीत होत्या की रतनपूरपर्यंत गाडीचे भाडे किती पडेल. गुडघ्यांमुळे बसचा प्रवास आता झेपत नव्हता. मी आतून ऐकले आणि बाहेर आलो. त्या ओशाळल्या. “तुम्ही रागावता म्हणून सांगितलं नव्हतं, डॉक्टरसाहेब. दरसाल जाते मी. पण गोळ्या कधी चुकवल्या नाहीत हो. पिशवीत घेऊन जाते.” मी म्हणालो, “मावशी, माझ्या गाडीनं जाऊ. मलाही बघायचंय.” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी थट्टा करतो आहे की काय.

आम्ही सकाळी निघालो. मागे मावशी आणि त्यांचा मुलगा, पुढे मी. पिशवीत औषधांचा सात कप्प्यांचा डबा, पाण्याच्या बाटल्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. नेत्रंगहून रस्ता राजपारडीकडे वळतो. उत्तरेला काही अंतरावर नर्मदा वाहते. माती तांबूस होत जाते. टेकडीच्या वाटेवर चालताना मुलाने वाकून एक खडा उचलला आणि उन्हात धरला. धुरकट पांढरा, आतून उजेड जाणारा. तो अकीक होता.

या खड्यांत त्या उत्सवाचे मूळ आहे. रतनपूर आणि जवळचे लिमोद्रा हा भाग अकीकाच्या खाणींसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेल्या दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकानेही लिमोद्र्याच्या दगडांची नोंद केली आहे. जमिनीतून काढलेले हे दगड उन्हात वाळवितात, मग मातीच्या भांड्यात घालून शेणीच्या मंद आचेवर भाजतात. दगडातील लोहाच्या अंशामुळे उष्णतेने त्यांना लाल रंग चढतो. खंबायतच्या कारागिरांनी त्यांचे मणी घडवावे, गलबतांनी ते अरबस्तानात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर न्यावे, असा तो व्यापार. बावा गोरांना या भागातील अकीकाच्या धंद्याचे आद्यपुरुष मानतात. ज्या समुद्रवाटेने येथील मणी आफ्रिकेत गेले, त्याच वाटेने आफ्रिकेची माणसे येथे आली.

एक गोष्ट वैद्य म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. अकीक घासताना उडणारी धूळ फुप्फुसांत साचते आणि सिलिकोसिस हा आजार होतो. खंबायतच्या घासणाऱ्या कारागिरांत तो जुना शत्रू आहे. फुप्फुस एकदा कठीण झाले की पूर्ववत होत नाही, आणि अशा रुग्णांना क्षयाचा धोकाही अधिक असतो. आपल्या घरात कोणी दगड घासण्याचे, फोडण्याचे, वाळू उडविण्याचे काम पूर्वी केले असेल आणि आता दम लागत असेल, तर ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना जुने काम अवश्य सांगावे.

संध्याकाळ झाली तशी टेकडी भरली. लोबानाचा धूर, गुलाबाच्या पाकळ्या, नारळांचे ढीग, चहाच्या शेगड्या. आपल्याकडच्या कोणत्याही जत्रेसारखीच जत्रा. पाळणे होते, बांगड्या होत्या, हरवलेल्या मुलांच्या नावाने पुकारा होता. मग ढोल आले.

सिद्दी लोक या नृत्यवादनाला गोमा म्हणतात; धमाल असेही एक नाव आहे. आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि ढोलाभोवतीचा नाचही. पिढ्यान्‌पिढ्या गुजराती बोलणाऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द जवळजवळ तसाच राहिला आहे. त्यांच्या काही जुन्या गाण्यांत आफ्रिकेतील भाषांचे शब्द आहेत. गाणाऱ्यांना त्यांतील पुष्कळांचे अर्थ सांगता येत नाहीत, पण ते शब्द वगळीत नाहीत.

मुसिंडो नावाचा दोन तोंडांचा ढोल गळ्यात अडकवितात. मुगरमान हा उंच ढोल पायांवर उभा असतो. कापडाने मढविलेला नारळाचा खुळखुळा असतो. त्याचे नावच ‘माई मिसरा’. आणि मलुंगा असतो. मलुंगा म्हणजे मोठे धनुष्य, त्याला बांधलेला पोकळ भोपळा आणि एकच तार. बारीक काडीने तारेवर आघात करावयाचा. आफ्रिकेतून पश्चिमेकडे, ब्राझीलला, जी माणसे गुलाम म्हणून नेली गेली, त्यांच्या वंशजांकडेही अगदी अशाच प्रकारचे वाद्य आहे. त्याला बेरिंबाऊ म्हणतात. दोन महासागरांच्या दोन टोकांना तेच धनुष्य पोहोचले, हे मनात आणून मी त्या एका तारेकडे पाहत राहिलो.

मलुंगा एका वृद्ध गृहस्थांच्या हाती होता. वय पंचाहत्तरीच्या पुढे असावे. चहाची बशी धरताना त्यांचा हात कापत होता. माझी नजर सवयीने तेथेच गेली. काडी हाती घेतल्यावर मात्र ठेका ढळला नाही. त्यांना कोणी कडेला खुर्ची टाकून बसविले नव्हते. ते मध्यभागी, जमिनीवरच्या सतरंजीवर, भिंतीला पाठ टेकून बसले होते. तरुण ढोलवाले त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी मान हलविल्यावाचून चाल बदलत नव्हती.

मोरपिसे लावलेली मुले वर्तुळात आली. कधी वानरासारखी, कधी मोरासारखी, हसवीत, घाबरवीत, प्रेक्षकांतल्या पोराबाळांच्या अंगावर धावून जात. ढोलांची गती वाढली. एका तरुणाने नारळ आकाशात उंच फेकला आणि खाली येताना डोक्यावर झेलून फोडला. पाणी उडाले, लोक ओरडले. माझ्या शेजारी एक भिल्ल आजोबा बसले होते. ते टाळ्या वाजवीत होते. याच मुलांच्या नात्यागोत्यातले कलावंत ‘सिद्दी गोमा’ या नावाने युरोप-अमेरिकेच्या रंगमंचांवर जाऊन आलेले आहेत. तेथील प्रेक्षक तिकीट काढून पाहतात. येथे भिल्ल आजोबा, मावशी आणि मी फुकट पाहत होतो, आणि वर कोणीतरी आमच्या हाती चहा देत होते.

रात्री नऊच्या सुमारास मी मावशींच्या मुलाला त्याच्या गोळ्या दिल्या. तो शांत होता, पण गर्दीने थोडा बावरला होता. मावशी त्याला घेऊन माई मिसरांच्या स्थानाजवळच्या एका ओट्यावर गेल्या. तेथे आवाज जरा कमी होता. माई मिसरांची कथा येथे सर्वांना पाठ असते. टेकडीवरच्या राक्षसीपुढे भावांचे काही चालेना, तेव्हा बहीण आफ्रिकेहून आली आणि तिने ती कामगिरी केली. म्हणून बायका आपले सांगणे आधी माईंना सांगतात.

ओट्यावर एक सिद्दी वृद्धा बसल्या होत्या. मावशींना पाहताच त्यांनी सरकून जागा केली. दोघींची पुष्कळ वर्षांची ओळख होती, हे त्यांच्या न बोलण्यावरूनच कळत होते. एकीला मराठी येत नव्हते, दुसरीला मोडके गुजराती येत होते. वृद्धेने मुलाच्या डोक्यावरून हात फिरविला, त्याला आपल्या आणि भिंतीच्या मध्ये घेतले, अंगावर चादर घातली. मग मावशींना म्हणाल्या, “बेन, तमे सूई जाओ. हुं बेठी छुं.”

बहिणी, तुम्ही झोपा. मी बसले आहे.

मावशींनी पिशवी उशाशी घेतली, भिंतीकडे तोंड केले आणि त्या झोपल्या. मी घड्याळ पाहिले. दहा वाजण्यास दहा मिनिटे कमी होती. शंभर हातांवर ढोल कडाडत होते, नारळ फुटत होते, लोक ओरडत होते, आणि त्या बाई लहान मुलासारख्या तोंड किंचित उघडे टाकून झोपल्या होत्या. मी समोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. वृद्धा जपमाळ ओढीत होत्या. मुलगा एकदा उठून बसला. त्यांनी त्याला पाणी पाजले, गुजरातीत काही सांगितले, तो पुन्हा आडवा झाला. पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी मावशींना जाग आली. सहा तास तीस मिनिटे.

परतीच्या वाटेवर, डेडियापाड्याला चहासाठी थांबलो, तेव्हा मी विचारले, “मावशी, बाबांकडे काय मागितलं?”

त्या हसल्या. “पोरगा पूर्ण बरा होणार नाही, हे मला कळतं हो, डॉक्टरसाहेब. तुम्हीच सांगितलंय. मी काही मागत नाही आता. त्या बेन बसतात ना, तेवढी एक रात्र झोप लागते. वर्षाची एक. त्यासाठी जाते.”

चहा निवून गेला. मला उत्तर सुचले नाही. वीस वर्षांपूर्वी ज्या गोष्टीला मी अंधश्रद्धा म्हणून झिडकारले, तिच्या पोटी एका थकलेल्या आईची झोप होती. ती गरज मी वैद्यकाच्या पुस्तकात वाचलेली होती. काळजी घेणाऱ्याला विसावा मिळाला पाहिजे, असे परीक्षेत लिहिलेही होते. ती पुरी करण्याचा मार्ग मात्र मी त्यांना दिला नव्हता. तो त्यांना त्या टेकडीवर, आफ्रिकेतून आलेल्या माणसांच्या लेकीसुनांनी दिला.

येथे एक गैरसमज होऊ देऊ नये. दर्ग्यात, मंदिरात किंवा मठात नेल्याने स्किझोफ्रेनिया बरा होतो, असे मी म्हणत नाही. तो मेंदूचा आजार आहे, त्याला औषध लागते आणि ते बहुधा दीर्घकाळ लागते. श्रद्धास्थानी रुग्णाला बांधून ठेवण्याचे भयंकर परिणाम आपल्या देशाने पाहिले आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण मृत्यू पावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आपल्या पाहण्यात कोठेही असे दिसले तर गप्प राहू नये.

परंतु दुसरा मार्गही याच गुजरातेत दिसतो. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्याच्या आवारात ‘दवा आणि दुआ’ या नावाचा उपक्रम चालविला गेला. मुजावर मंडळी आलेल्या रुग्णाला दुआ देतात आणि डॉक्टरांकडेही पाठवितात. ही बुद्धी मला वीस वर्षांपूर्वी झाली असती, तर एक मुलगा उधन्याच्या फलाटावर नऊ दिवस पडून राहिला नसता.

आपल्यापैकी अनेकजण घरातील वृद्धांना किंवा आजारी माणसाला घेऊन उरुसाला, वारीला, यात्रेला जातात. जाऊ नका, असे मी आता सांगत नाही. जाताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, एवढेच सांगतो.

जाण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून जावे. ते रागावतील ही भीती असली तरी सांगावे. रागावले तर हा लेख दाखवावा. औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत, त्यांचा कागद बरोबर ठेवावा आणि ती एकाच पिशवीत न ठेवता दोन ठिकाणी विभागावीत.

उरुसाची तिथी हिजरी चांद्र वर्षाप्रमाणे असते, त्यामुळे ती दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. तोच उत्सव कधी थंडीत, तर कधी ऐन उन्हाळ्यात येतो. मानसिक आजारावरील काही औषधांमुळे घाम कमी येतो व उन्हाचा त्रास लवकर होतो. लिथियम घेणाऱ्यांनी पाणी मुळीच कमी पडू देऊ नये. उलट्या-जुलाब सुरू झाले, हात फार कापू लागले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

उन्मादाचा किंवा फेफऱ्याचा आजार असलेल्या माणसाला रात्रभर जागवू नये. ढोल पाहावेत, पण झोपेच्या वेळी आवाजापासून दूर जागा शोधावी. मधुमेह असणाऱ्यांनी तापलेल्या दगडांवर अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी झालेली असते, पोळलेले कळत नाही. अनवाणी जाणे भागच असेल, तर जाड मोजे घालावेत आणि रात्री तळवे पाहावेत. दमा असणाऱ्यांनी लोबानाच्या धुरापासून दूर बसावे. आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांनी रात्रीच्या थंडीपासून अंग जपावे आणि पाणी पीत राहावे. थंडी, तहान आणि दगदग यांनी त्यांच्या वेदना उसळतात.

रुग्णाच्या खिशात नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. विस्मरणाचा आजार असलेल्या वृद्धांसाठी ती आधाराइतकीच आवश्यक आहे. मानसिक त्रासाविषयी विनामूल्य सल्ला हवा असेल, तर शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

आता शेवटचे. घरी परतल्यावर मी मावशींच्या मुलीला सुरतेहून बोलावून घेतले. तिला दाराची, पथारीची हकीकत माहीत नव्हती. आईने सांगितलीच नव्हती. आम्ही तिघांनी बसून ठरविले. दाराला वर एक कडी आणि उघडताच वाजणारी घंटा बसविली. त्या दिवशी रात्रीच्या गोळ्यांची वेळ तज्ज्ञांना विचारून थोडी बदलली. मुलगी महिन्यातून दोन रात्री येऊन राहते आणि मावशींना माजघरात निजविते. पहिल्या रात्री त्यांना झोप लागली नाही, दुसऱ्या रात्री लागली. यंदाच्या उरुसाला त्या तरीही जाणार आहेत. “बेन वाट बघतील,” म्हणतात.

माझ्या दवाखान्यात आता आजाऱ्याबरोबर जो कोणी येतो, त्याला मी खुर्ची देतो आणि विचारतो, “तुम्ही गेल्या आठवड्यात सलग किती तास झोपलात?” बहुतेकजण प्रथम रुग्णाबद्दल सांगू लागतात. मी थांबवितो आणि पुन्हा विचारतो.

वाचकहो, आपल्या घरी कोणी दारात आडवी पथारी टाकून निजत असेल, तर आज रात्री तिच्या शेजारी जाऊन बसा. तुम्हीच ती व्यक्ती असाल, तर ‘मला जमतं’ असे म्हणू नका. तुमची भाषाही न जाणणारे कोणीतरी जर ‘तुम्ही झोपा, मी बसले आहे’ असे म्हणत असेल, तर त्यांच्यावर भिस्त टाकून झोपी जा.